दाजींचा उघडा हात

माझ्या दाजींनी एका माणसावर सहा वर्षं डूख धरला, आणि ती सहाही वर्षं त्या आगीत तेल ओतायचं काम मी केलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मला भोळा समजायला नको.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी दाजी म्हणतो म्हणून विमानतळावर सगळेच त्यांना दाजी म्हणू लागले. सामान चढवणारे म्हणायचे, इंधनवाले म्हणायचे, सफाईच्या बायकाही म्हणायच्या. त्यांतल्या कोणाचीही बहीण त्यांना दिलेली नव्हती. एकदा एका वैमानिकाने हेडसेटवरून "थँक यू, दाजी" म्हटलं, तर घरी येऊन त्यांनी ते एका संध्याकाळी चार वेळा सांगितलं. चौथ्या वेळी ताई म्हणाली, "आता त्या वैमानिकालाच घरी बोलवा आणि त्याला सांगा."

त्यांचं काम हेडसेटवाल्याचं. आता हे काम बाहेरच्या माणसाला माहीत नसतं, म्हणून सांगतो. इमारतीकडे नाक करून उभं असलेलं विमान आपलं आपण मागे येत नाही. त्याला ट्रॅक्टरने मागे ढकलावं लागतं. त्याला आम्ही पुशबॅक म्हणतो. विमानाच्या पुढच्या चाकाला एक लांब लोखंडी दांडा अडकवतात, त्याचं दुसरं टोक ट्रॅक्टरला. ट्रॅक्टरवर मी. दोन्ही पंखांच्या टोकांशी एकेक माणूस, मागे काही आडवं येत नाही ना ते बघायला. आणि विमानाच्या नाकाखाली, कानांवर हेडसेट चढवून, वायरीने विमानाला जोडलेला एक माणूस बरोबरीने चालत असतो. वैमानिकाशी बोलणारा तो एकटा. बाकी आम्हा कोणाला इंजिनाच्या आवाजात बोललेलं काही ऐकू येत नाही. आम्ही त्याच्या हाताकडे बघतो. विमान ढकलून झालं की तो वैमानिकाला ब्रेक लावायला सांगतो. त्याचा पंजा उघडा आहे तोवर ब्रेक लागलेला नाही, कशालाही हात लावायचा नाही. मूठ मिटली की ब्रेक लागला. मग चाकाला चोक लावायचे, म्हणजे रबराचे जाड तिकोनी ठोकळे, आणि त्यानंतर दांडा काढायचा. मूठ, चोक, दांडा. एवढंच शास्त्र आहे, पण ते त्याच क्रमाने.

काही हेडसेटवाले असा हात करतात की थांब म्हणताहेत की माशी हाकलताहेत ते कळत नाही. दाजींचा हात वर गेला की लांबून, धुक्यातूनसुद्धा समजायचं. एकोणीस वर्षांत त्यांना कोणी पुन्हा विचारलं नव्हतं. घरीही ते हातानेच बोलायचे. ताई वाढायला आली की पंजा वर. ताई वैतागायची. "मी काय ट्रॅक्टर आहे का? तोंडाने सांगा ना." पण तोंडावर त्यांचा भरवसा नव्हता. कोणी त्यांना वाईट नवरा म्हटलं असतं तर त्यांनी मनावर घेतलं नसतं. पण इशारा चुकला म्हटलं असतं तर त्यांनी जेवण सोडलं असतं.

आणि नेमकं तेच त्यांच्याबद्दल लिहिलं गेलं.

ज्याने लिहिलं त्याला आम्ही घड्याळ म्हणायचो. तेव्हा तो आमचा सुपरवायझर होता. बोलताना माणसाच्या तोंडाकडे न बघता स्वतःच्या मनगटाकडे बघायचा. विमान दोन मिनिटं उशिरा सुटलं तर त्याच्या घरचं कोणी गेल्यासारखा चेहरा करायचा. थंडीच्या दिवसांतली सकाळ होती, साडेनऊची वेळ, वारा सुटलेला. विमानाला आधीच बारा मिनिटं उशीर झाला होता. घड्याळने पंखाजवळचा एक माणूस दुसऱ्या विमानाकडे पळवला, आणि ज्याने दांडा काढायचा त्यालाही त्याच्याबरोबर. "दांडा मी काढतो," म्हणाला. "चला, चला."

मी विमान ढकललं, रेषेवर आणून थांबवलं. एक इंजिन सुरू झालेलं होतं. दाजींनी हात वर केला. घड्याळ वाकला आणि त्याने दांड्याचं चाकाकडचं टोक सोडवलं. ब्रेक लागलेलाच नव्हता. विमान हातभर पुढे सरकलं आणि चोकला अडून थांबलं. एवढं अवजड धूड, हातभरच हललं. पण त्या हातभरात दाजींचं डावं पाऊल होतं. त्यांची किंकाळी मला ऐकू आली नाही. उघडलेलं तोंड तेवढं दिसलं.

पाय घोट्याच्या वरून कापावा लागला. दाजी रडले नाहीत. महिन्याभराने चौकशीचा अहवाल आला, तो मी त्यांच्या खाटेशी बसून वाचून दाखवला. त्यात होतं: वैमानिकाने "थांबा" म्हटलेले असतानाही हेडसेटवाल्याने ब्रेक लागल्याची मूठ दाखवली. त्यानुसार सुपरवायझरने दांडा काढला. चाकाला चोक लावलेला आढळला. ट्रॅक्टरचालकाच्या डोळ्यांवर ऊन असल्याने त्याला काही दिसले नाही. खाली घड्याळची सही, आणि माझ्या जबाबाखाली साक्षीदार म्हणून माझी. ऊन होतं, ते खोटं नव्हतं.

तेव्हा दाजी रडले. "मूठ?" म्हणाले. "मी? हात उघडा होता रे माझा. पाचही बोटं. मला दिसतंय अजून." त्यांना आठवत होतं ते तेवढंच. कानात वैमानिकाचं "एक मिनिट, थांबा", आणि स्वतःचा वर केलेला हात. पुढचं सगळं कोरं, ते थेट दवाखान्यातल्या छतापर्यंत. डॉक्टर म्हणाले, अशा मारात तेवढा तुकडा पुसला जातो, तो परत येत नाही. त्यामुळे दाजींपाशी एकच गोष्ट उरली होती, ती पाच बोटं. त्यांना ते वाक्य खोडून हवं होतं, ज्याने लिहिलं त्याच्याच हाताने. पायाचं त्यांनी पुढे कधी नाव काढलं नाही.

मी म्हणालो, "त्याला सोडायचा नाही, दाजी."

कंपनीने त्यांना प्रशिक्षणाच्या खोलीत बसवलं. धावपट्टीपासून लांब, गोदामाच्या मागे ती खोली. आत चाळीस खुर्च्या, फळा, आणि बाहेरच्या मोकळ्या फरशीवर एका भंगारात निघालेल्या विमानाचं पुढचं चाक, एक गंजका दांडा आणि बंद पडलेला ट्रॅक्टर. नव्याने लागणाऱ्या माणसांना तिथे शिकवायचं आणि परीक्षा घ्यायची. विमानाजवळ फिरायचा परवाना त्याशिवाय मिळत नाही, आणि दर दोन वर्षांनी तो सगळ्यांनाच पुन्हा काढावा लागतो. हमाल असो की साहेब. दाजींनी पहिल्याच दिवशी हा नियम दोनदा वाचला आणि हसले. पाय गेल्यानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. घड्याळ तोवर बढती मिळून मॅनेजर झाला होता. परवाना त्यालाही लागणार होता.

तिथून त्यांचा सूड सुरू झाला. सूडही त्यांनी कामासारखाच केला, सावकाश आणि नियमाने. वर्गात चुकीचं उदाहरण द्यायचं झालं की दाजी सुरू व्हायचे, "एक साहेब होते." त्या साहेबाने इंजिनासमोरून चालण्याचा शहाणपणा केलेला असायचा, त्या साहेबाची टोपी इंजिनात गेलेली असायची, तो साहेब दोरी ओलांडताना तोंडावर पडलेला असायचा. सहा वर्षांत जगातली प्रत्येक चूक त्या एका साहेबाने केली. नवी माणसं विचारायची, "सर, तो जिवंत कसा राहिला?" दाजी म्हणायचे, "तेच तर माझं दुःख आहे."

पहिल्यांदा घड्याळच्या परवान्याची मुदत आली तेव्हा दाजींनी त्याचा अर्ज तीन वेळा परत पाठवला. एकदा फोटोत कान दिसत नव्हते. एकदा शिक्का पुसट होता. एकदा कान दिसत होते, पण दाजींच्या मते सारखे दिसत नव्हते. चौथ्यांदा दाजी कृत्रिम पाऊल बसवून घ्यायला गेलेले असताना दुसऱ्या शिक्षकाने घड्याळला पास करून टाकलं. दाजींनी त्या शिक्षकाशी वर्षभर अबोला धरला. दोन वर्षांनी घड्याळने मुख्य कार्यालयात जाऊन परीक्षा दिली. दाजी दात-ओठ खात घरी आले आणि जेवताना म्हणाले, "तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना? माझा एकच तळपाय उरलाय. पण आग दोन्हींची जाते."

ताई म्हणायची, "सोडा हो आता. त्याचं काय वाकडं होतंय? तुमचंच रक्त आटतंय." ती औषधांच्या दुकानात काम करायची. रक्तदाबाच्या गोळ्या तिथून स्वतःच आणून ताटाशेजारी ठेवायची. दाजी गप्प बसायचे. तोंड मी उघडायचो. "सोडायचं कसं, ताई? माणसाला लंगडा केला आणि वर खोटा पाडला." मग दाजींचे डोळे पुन्हा पेटायचे. दर रविवारी मी हे करत आलो. निखारा विझत आला की फुंकर मारायची आणि आपल्या घरी जाऊन झोपायचं.

सहाव्या वर्षी घड्याळ सापडला. मुख्य कार्यालयाने नवा हुकूम काढला, ज्याने त्याने आपल्याच विमानतळावर परीक्षा द्यावी. दुसरा शिक्षक निवृत्त झाला होता. आणि दहा दिवसांवर मोठी तपासणी आली होती, तीत मॅनेजरला विमानाजवळ उभं राहावंच लागणार होतं. परवान्याशिवाय त्याला फाटकही ओलांडता आलं नसतं. घड्याळने मुकाट्याने अर्ज भरला. फोटोत दोन्ही कान ठळक होते. दाजींनी अर्ज पहिल्याच फेरीत मंजूर केला. मला फोन करून म्हणाले, "तुझीही मुदत संपतेय ना? त्याच दिवशी ये. तुला बघायला मिळायला हवं."

वर्गात बारा नवी माणसं होती, आठ पुरुष, चार बायका. शेवटच्या रांगेत मी आणि घड्याळ, मध्ये दोन खुर्च्या मोकळ्या. घड्याळच्या कानांवरचे केस पांढरे झाले होते. दाजींनी सकाळपासून छान शिकवलं, एकदाही साहेबाची गोष्ट काढली नाही. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. सव्वानऊला ते सगळ्यांना बाहेर फरशीवर घेऊन आले. हवा गार होती, ऊन तिरपं. त्यांनी हिवाळ्यातले जाड हातमोजे चढवले, हेडसेट लावला, वायर चाकावरच्या खोबणीत खुपसली. लोंबती वायर पायात येऊ नये म्हणून तिचे दोन वेढे हातात घेतले, ते नेहमी घ्यायचे तसे. पाठीमागे सूर्य येईल असे उभे राहिले. तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांनी तो दिवस जसाच्या तसा मांडला होता. वेळसुद्धा तीच.

"मॅनेजर साहेब," दाजी म्हणाले, "तुम्ही दांड्यापाशी वाका. तू ट्रॅक्टरवर बस. बाकीचे त्याच्या मागे उभे राहा. मी इशारा करेन. साहेब तोंडी सांगतील. इतरांनी चिठ्ठीवर लिहायचं. एकमेकांचं बघायचं नाही."

घड्याळ वाकला. वाकलेला माणूस मान वर करून बघतो तसं त्याने बघितलं. दाजींनी हात वर केला.

"मूठ," घड्याळ म्हणाला. एका क्षणात, मोठ्याने.

दाजींच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. सहा वर्षं ज्याची वाट पाहिली ते पान आपल्यासमोर वाढलंय अशा नजरेने ते घड्याळकडे बघत होते. त्यांच्या लेखी पाचही बोटं उघडी होती. त्यांना ती आतून जाणवत होती. बारा अनोळखी माणसं आता लेखी देणार होती की हात उघडा होता, आणि या माणसाला मूठ आणि पंजा यांतला फरक कळत नाही. त्या चिठ्ठ्या घेऊन ते वर जाणार होते आणि ते वाक्य खोडून आणणार होते. "लिहा," ते म्हणाले.

मी ट्रॅक्टरवर बसून त्या हाताकडे बघत होतो. जाड मोजा, आत वायरीचे वेढे, त्यांच्याभोवती अर्धवट वळलेली बोटं, आणि मागून येणारं ऊन. सहा वर्षांपूर्वी मी याच जागेवरून हेच पाहिलं होतं. चिठ्ठीवर काय लिहायचं याचा मी फार विचार केला नाही. खोटं एकदा लिहून झालं होतं, दुसऱ्यांदा हात उठला नाही.

आत येऊन दाजींनी चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या आणि मोठ्याने वाचायला घेतल्या. पहिली मूठ. दुसरी मूठ. तिसरी उघडा हात; तेव्हा त्यांनी ती सगळ्यांना दाखवली. मग मूठ, मूठ, मूठ. आवाज बारीक होत गेला. तरी ते थांबले नाहीत, एकही चिठ्ठी बाजूला सारली नाही. बारा जणांपैकी नऊ जणांनी मूठ लिहिलं होतं. शेवटची चिठ्ठी माझी निघाली. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, ते हजारात ओळखतील. ती त्यांनी वाचली नाही. तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

"तुलाही?" ते म्हणाले.

"हो."

"आजच?"

मी मान खाली घातली. दाजी खुर्चीत बसले. एवढ्या वर्षांत मी त्यांना वर्गात बसून शिकवताना पाहिलं नव्हतं, लाकडी पाऊल दुखत असलं तरी ते उभेच राहायचे.

घड्याळ उठला. खोटं कशाला बोलू, तो खवचटपणे नाही बोलला. हळूच म्हणाला, "दाजी, मी सहा वर्षं हेच सांगतोय. मला मूठ दिसली. माझी चूक नव्हती. आता तरी सोडा."

माझी चूक नव्हती म्हणाला तो. ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. "चोक कुठे होता?" मी ओरडलो.

"काय?"

"मूठ दिसली ना तुम्हाला? दिसली असेल. मलाही दिसली. मूठ दिसल्यावर आधी काय लावायचं? चोक लावला होता तुम्ही? दांड्याला हात घातलात तेव्हा चाकाखाली काहीच नव्हतं. विमान हललं तसे दाजी धावले. ठोकळा बाजूला पडला होता, तो उचलून त्यांनी स्वतः चाकाखाली सारला, आणि सारताना पाय गेला. अहवालात लिहिलंत, चोक लावलेला आढळला! आढळणारच. त्यांनी पाय देऊन लावला होता तो."

दाजी माझ्याकडे बघत होते. त्यांच्या आयुष्यातला पुसलेला तुकडा मी त्यांना असा, भरवर्गात, शिवीसारखा फेकून दिला होता.

घड्याळचा चेहरा उतरला. "तू तर लिहून दिलंस, ऊन होतं, काही दिसलं नाही."

"खोटं लिहून दिलं. चोक नव्हता म्हणालो असतो तर हाताचंही विचारलं असतं. मग मूठ दिसली म्हणावं लागलं असतं. मला वाटलं, गप्प बसलो तर दाजी वाचतील."

पहिल्या रांगेतली एक बाई, नव्याने लागलेली, हात वर करून उभी राहिली. तिला बिचारीला आमचं भांडण काय ठाऊक. तिला वाटलं, धडाच चाललाय. "सर," ती दाजींना म्हणाली, "चोक नाहीत आणि दांडा काढताहेत, असं ट्रॅक्टरवाल्याला दिसलं तर त्याने लांब हॉर्न द्यायचा ना? मग त्या ट्रॅक्टरवाल्याने दिला का?"

"बरोबर प्रश्न आहे," दाजी म्हणाले. आवाज अगदी शिक्षकाचा होता. "उत्तर दे रे."

"नाही दिला."

"का?"

"साहेब होते. साहेबावर हॉर्न कोण वाजवणार? आणि..." मी फळ्याकडे बघून पुढे बोललो. "घाई असली की आधी दांडा, मग चोक, असं आपण करायचोच. महिन्यातून चारदा तरी. काही व्हायचं नाही. मला वाटलं, आजही काही होणार नाही."

दाजी उठून उभे राहिले. वर्गाकडे वळून म्हणाले, "लिहून घ्या. इशाऱ्याच्या हातात वायर धरायची नाही. हात मोकळा हवा. ही चूक माझी, एकोणीस वर्षं केली." एवढं बोलून त्यांनी कपाट उघडलं आणि अहवालाची प्रत काढली. सहा वर्षं ती त्या कपाटात वरच्याच कप्प्यात होती. घड्याळपुढे ठेवली, वर पेन ठेवलं.

"मुठीचं वाक्य राहू दे," म्हणाले. "खाली लिहा. चोक न लावता दांडा मी काढला."

"दाजी, हे वर गेलं तर माझं काय होईल माहीत आहे ना? माझी नोकरी..."

"माझा पाय."

घड्याळने बारा माणसांकडे बघितलं. मग लिहिलं, सही केली, तारीख घातली. दाजींनी कागद माझ्याकडे सरकवला. मी लिहिलं, चोक नव्हते हे मी पाहिले. पेन खाली ठेवणार तोच ते म्हणाले, "पुढचंही." मग मी पुढचंही लिहिलं, हॉर्न दिला नाही. अक्षर कधी नव्हे ते नीट आलं.

घड्याळ घसा साफ करत म्हणाला, "आता परवाना..."

"नापास," दाजी म्हणाले. "चोकशिवाय दांडा काढणारा माणूस मी विमानाजवळ जाऊ देत नसतो. पुढची परीक्षा तीन महिन्यांनी. फोटो नवा आणा." आणि घड्याळ दारापर्यंत पोचायच्या आत माझ्याकडे न बघता म्हणाले, "तूही नापास."

तो अहवाल दाजींनी त्याच दुपारी स्वतः वरच्या कार्यालयात नेऊन दिला. दोन जिने चढून. मला बरोबर येऊ दिलं नाही. संध्याकाळी बसथांब्यावर मी त्यांच्याशेजारी उभा राहिलो तर ते दोन पावलं लांब सरकले. मला वाटलं होतं, शिव्या देतील. शिव्या परवडल्या असत्या. बस आल्यावर पायरीवर चढताना एवढंच बोलले, "तुझ्या बहिणीला मी काही सांगणार नाही. तू सांगायचंस. आजच."

ताईच्या घरात मी तासभर बसलो. दाजी आतल्या खोलीत गेले, दार त्यांनी उघडंच ठेवलं. ताईने माझ्यापुढे चहा ठेवला आणि समोर बसली. सहा वर्षं ही बाई शेजारपाजाऱ्यांना सांगत आली होती की माझा भाऊ तिथे होता म्हणून हे हाती लागले, त्यानेच उडी टाकून बाहेर ओढलं, त्यानेच पाय धरून ठेवला. ते खरंही होतं. मी तिला सगळं सांगितलं. मूठ, चोक, सही, मी काय पाहिलं आणि काय केलं नाही. मी थांबल्यावर तिने पदर सारखा केला.

"हॉर्न बिघडलेला असेल तेव्हा," ती म्हणाली. "जुने तर ट्रॅक्टर तुमचे. बिघडलेलाच असणार."

आतल्या खोलीत खाट करकरली नाही, काही नाही. ताई माझ्याकडे बघत होती. हो म्हण, असं तिचा सगळा चेहरा सांगत होता.

"नाही, ताई," मी म्हणालो. "हॉर्न चालू होता."

तिने माझ्यापुढचा कप उचलला, तो भरलेलाच होता, आणि ती आत गेली.